अब्रू गेली तरी व्याकरण सांभाळा

अब्रू जायचीच असेल तर निदान चांगल्या इंग्रजीत जाऊ द्या. 'शेम' नको. तो शब्द बालवाडीतली पोरंसुद्धा दोनदा म्हणून एकमेकांना चिडवतात. तुमच्या कर्तबगारीला 'इग्नमिनी' (ignominy), म्हणजे जाहीर नाचक्की, शोभेल. जोर पहिल्या अक्षरावर द्या. 'इग्नॉमिनी' म्हणालात तर नाचक्की दुप्पट. विशेषण 'इग्नमिनिअस' करताना मात्र जोर 'मि'वर सरकतो.

आता मुख्य गोष्ट. इग्नमिनी करायची नसते, भोगायची असते. 'कमिट' हे क्रियापद तिच्यापुढे चालत नाही; 'सफर' किंवा 'एन्ड्युअर' लावा. यातली सोय लक्षात आली ना? पैसे खाल्ले तुम्ही, पण वाक्यात सोसणारे बिचारेही तुम्हीच.

शिवाय तिला प्रेक्षक लागतात. एकट्याला मनात वाटते ती लाज. चारचौघांत निघते ती इग्नमिनी. म्हणून उघडकीला येईपर्यंत हा शब्द वाया घालवू नका. आल्यावर 'द इग्नमिनी ऑफ बीइंग कॉट' असं लिहा. दुःख पकडले गेल्याचं आहे, हे त्यात आपोआप येतं आणि चोरीचा उल्लेखही टळतो.

'इन्फमी' (infamy), म्हणजे कुप्रसिद्धी, ही तिची चुलत बहीण, पण तिला जरा लांबच ठेवा. ती कृत्यालाच चिकटते आणि वर्षानुवर्षं सुटत नाही. शत्रूच्या कृत्यासाठी उत्तम! ८ डिसेंबर १९४१ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी भाषणात पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दिवसाला तीच चिकटवली. मसुद्यात त्या जागी आधी नुसतं 'वर्ल्ड हिस्टरी' होतं.

व्युत्पत्ती विचारली तर छाती काढून सांगा: लॅटिन 'नोमेन' म्हणजे नाव, त्याच्याआधी नकार. थोडक्यात, नाव गेलं. प्राचीन रोममध्ये साधारण दर पाच वर्षांनी निवडले जाणारे दोन सेन्सॉर, म्हणजे नागरिकांची नोंद आणि वर्तन तपासणारे अधिकारी, दुर्वर्तनी नागरिकाच्या नावापुढे खूण करत, तेवढ्याने इग्नमिनी लागू होई. पण घाबरू नका, पुढचे सेन्सॉर ती पुसू शकत. इ.स.पूर्व ११५ मध्ये लिसिनियस गेटा या माजी कॉन्सलला (म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर राहिलेल्या माणसाला) तेव्हाच्या सेन्सॉरांनी सिनेटमधून काढलं. इ.स.पूर्व १०८ मध्ये तोच गेटा सेन्सॉर म्हणून निवडून आला.