गिअरची सायकल घेण्याआधी गोठ्यात एकदा पाहून या

गावात कोणाला शुगर निघाली की डॉक्टर सांगतात, रोज पायी फिरा नाहीतर सायकल चालवा. पायी फिरणाऱ्याला आमच्याकडे दहा जण थांबवून विचारतात, "काय भाऊ, गाडी बिघडली काय?" म्हणून माणूस सायकलीवर येतो. पोळ्याच्या आसपास तालुक्याहून पिकअपमध्ये टाकून ती घरी येते. गिअर एकवीस, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, डिस्क ब्रेक, जाडजूड टायर. संक्रांतीच्या आत तिच्यावर गोधड्या वाळत असतात. हे इतक्या घरी पाहिलं आहे की आता कोणी "कोणती घेऊ?" म्हणालं तर मी उलट विचारतो, घरातली मुलगी बारावी झाली का?

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. विदर्भातले कितीतरी तालुके त्यात येतात. मुलगी पुढे शिकायला अमरावती-यवतमाळला जाते, किंवा लग्न होऊन जाते, आणि सायकल गोठ्यात कुटाराच्या ढिगामागे जाते. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरुवात करणाऱ्याला हवं ते बहुतेक सगळं तिच्यात असतं: सरळ बसता येईल असं हँडल, कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर. गिअर नाही. (शिकत्या मुलीची सायकल बापानं पळवू नये, हे वेगळं सांगायला नको.)

अडचण एकच, पुरुषमाणसाला लाज वाटते. "काहून बावा, लेकीची सायकल घेऊन निंगाला?" असं पारावर कोणी म्हटलं की दुसऱ्या दिवशी सायकल परत गोठ्यात. पण मुलींच्या सायकलीची मधली नळी खाली असते, तिचा फायदा पाहा. गुडघे कुरकुरत असतील, पोट पुढे असेल, मागे कॅरिअरवर डबा बांधलेला असेल, तर नळीवरून पाय टाकताना माणूस आडवा होतो. खाली नळीच्या सायकलवर पाय सहज आत जातो, आणि तोल गेला तर तितक्याच सहज जमिनीवर टेकतो. साडीवाल्या काकूंना चालते आणि लुंगीवाल्या काकांनाही चालते. सुरुवातीच्या महिन्यात तोल दोघांचाही जातोच.

आता गिअर-शॉकअपवर माझा एवढा राग का, तर आपला मुलूख पाहा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर गिअर घ्या, मी अडवणार नाही. पण गाव ते फाटा, फाटा ते बाजार यात एखाद्या नाल्याचा पूल सोडला तर चढ नसतो. गिअरसाठी मागच्या चाकाजवळ जो लटकता भाग असतो, त्यात पांदणीने, म्हणजे शेतातल्या वाटेने, जाताना तणकट अडकतं, पऱ्हाटीची काडी अडकते, आणि तो एकदा वाकला की गावात सरळ करणारा कोणी नाही. स्वस्तातल्या सायकलीचा मागचा शॉकअप तर वजन वाढवतो आणि प्रत्येक पायडलला दबून तुमचा जोर खातो. खड्ड्यांसाठी शॉकअपपेक्षा पावणेदोन-दोन इंच रुंद टायर आणि बेताची हवा बरी. किती हवा चालते ते टायरच्या कडेवर छापलेलंच असतं.

आणि काटे! बाभूळ, बोर, वर सराटे. पंक्चर होणारच आहे, त्यामुळे प्रश्न पंक्चर काढणाऱ्याचा. आमच्या फाट्यावरच्या दुकानात २६ इंची ट्यूब कधीही मिळते, साडेसत्तावीस किंवा एकोणतीसची मागितली की तो म्हणतो, "भाऊ, तालुक्याहून आणा लागते." ट्यूबचा वॉल्व मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोलपंपावरही हवा भरता येते, जुन्या वॉलट्यूबवाल्याला हातपंप लागतो. सायकल आणताना हे कोणीच पाहत नाही. रंग मात्र तीनदा बदलून पाहतात.

मापाचा गोंधळ वेगळाच. आपले वडील "बावीस इंची, चोवीस इंची" म्हणायचे ते फ्रेमचं माप होतं, चाकं दोन्हीला अठ्ठावीसचीच. आता दुकानदार २६ आणि २९ म्हणतो ते चाकाचं. मोठ्या चाकाची सायकल म्हणजे उंच माणसाची सायकल, असं नाही. नळीवर उभं राहून पाहा. दोन्ही पाय टेकल्यावर नळी आणि तुमच्यात तीन-चार बोटं जागा हवी. खाली नळीच्या सायकलला हे मोजायची गरजच नाही, तिथे सीट आणि हँडलपर्यंत हात पोचतो का तेवढं पाहा.

सीटची उंची हा भाग लोक अगदीच सोडून देतात. नवा माणूस पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो. पहिले काही दिवस ठीक आहे. पण मग तीच सीट वर्षभर तिथेच राहते, गुडघे दुखायला लागतात आणि दोष सायकलीला. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर हवी. मग पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. अर्धा-अर्धा इंच करत वर न्या. मुलीच्या सायकलीचा सीटपाइप वडिलांना आखूड पडला तर लांब पाइप दुकानात मिळतो. सीट वर नेताना पाइपवर कमीत कमी किती आत हवा याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

गोठ्यातली सायकल काढलीत की ओव्हरऑइल करून घ्या. छर्रे, ग्रीस, ब्रेकचे रबर, तारा, चेन, दोन्ही चाकांचा आऊट (डुगडुगणारं चाक सरळ करणं). टायरला भेगा असतील तर टायर-ट्यूब नवीनच टाका. पायडल टकटक करत असेल आणि क्रँकला (पायडलच्या दांड्याला) कॉटर, म्हणजे दांडा घट्ट धरणारी खीळ, असेल तर तो आधी पाहा. एवढं सगळं करूनही नव्या सायकलीपेक्षा खर्च फार कमी येतो.

घरात सायकल नसेल तर नवी घ्या, पण अशीच घ्या: बिनगिअरची, साध्या ब्रेकची, २६ इंची. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झाला आहे, बिलावर तेवढं पाहून घ्या. जुनी काळी दांड्याच्या ब्रेकची सायकल मात्र मी नवशिक्याला सांगत नाही. ओझ्याला तिच्यासारखी दुसरी नाही हे कबूल, पण ती जड असते आणि पावसात रिम ओली झाली की ब्रेक लागता लागता फाटा निघून जातो. आणि पावसाळ्यात कोणत्याही सायकलने काळ्या मातीच्या पांदणीत शिरू नका. मडगार्डमध्ये चिखल बसला की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. मे महिन्यात सकाळी आठच्या आत घरी. कापसाच्या दिवसांत अंधार पडल्यावर बाहेर असाल तर मागे लाल लाइट हवाच, कारण ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसत नाही.

ज्यांना सायकल येतच नाही, विशेषतः काकू-मावशी, त्यांच्यासाठी: मागून धरून पळायची पद्धत सोडा. दोन्ही पायडल काढून टाका, सीट एवढी खाली करा की तळवे पूर्ण टेकतील, आणि हलक्या उतारावर पायांनी ढकलत चला. तोल आला की पायडल लावा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते उजवीकडे फिरवल्यावर निघतं. जोर लावून आटे खराब करू नका. पंधरा नंबरचा पाना लागतो, तो माझ्याकडे आहे. शाळेच्या मैदानाला पश्चिमेकडे चांगला उतार आहे, रविवारी सकाळी सायकल घेऊन या.