‘कंपनीचा पैसा, कंपनीची मर्जी’ म्हणणाऱ्यांना

गेला आठवडाभर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांना पत्ताही नव्हता की ज्यांची त्यात बिनपाण्यानं केलीय, त्यांत मीही आहे. मजकूर थोडक्यात असा: ब्लॉग लिहिणाऱ्या काही मंडळींनी शहरात एक दिवसाचा मेळावा ठेवला, एका मोठ्या कंपनीने पैसे द्यायचं कबूल केलं आणि तीन दिवस आधी अंग काढून घेतलं. आता ब्लॉगवाले रडताहेत. पण कंपनीचा पैसा, कंपनीची मर्जी, देणगीवर हक्क कसला? कागद तर नव्हताच. मोठमोठे प्रायोजक क्रिकेटमधूनही हटतात. शिवाय तो सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढायचा पैसा, चांगल्या कामाला गेला. ब्लॉगवाल्यांकडे साधा जीएसटी नंबर नाही. आणि मुख्य म्हणजे ही माणसं खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. शेवटी शाहू महाराजांचं नाव आणि हात जोडलेली इमोजी.

कंपनीचं नाव मेसेजमध्ये नाही, मीही घेणार नाही. खाण्याच्या वस्तू विकणारी, कोल्हापूरबाहेरची कंपनी, एवढं पुरे. तिच्याकडून आमच्याशी बोलणारा मुलगा चांगला होता आणि शेवटचा फोन करताना त्याचाच आवाज पडला होता. माझं भांडण मेसेजशी आहे.

आधी ‘देणगी’ या शब्दाचं बघू, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय. सव्वा लाखाच्या बदल्यात कंपनीला काय मिळणार होतं ते सांगतो. मुख्य फलकावर लोगो, दारातच स्टॉल, येणाऱ्या दीडशे जणांच्या पिशवीत एकेक पाकीट, मंचावर पंधरा मिनिटं, आणि जेवणाच्या मांडवात त्यांचा पडदा. याला देणगी म्हणायचं तर गुजरीत पैसे मोजून पाटल्या आणणाऱ्यालाही दानशूर म्हणावं लागेल. कंपनी जागा विकत घेत होती, आम्ही विकत होतो.

बरं, घटकाभर धरून चालू की ती देणगीच होती. तरी ‘हक्क कसला’ हे खरं ठरत नाही. कायदा शिकणाऱ्या पोरांना पहिल्याच वर्षी एक जुना खटला शिकवतात. हावड्यात टाउन हॉल बांधायचा होता, लोकांकडून वर्गणीचे आकडे घेतले. एका गृहस्थाने शंभर रुपये लिहिले. त्या आकड्यांच्या भरवशावर नगरपालिकेच्या आयुक्तांनी कंत्राटदाराला काम दिलं, आणि मग हे गृहस्थ म्हणाले, देत नाही. १८८६ साली कलकत्ता हायकोर्टाने सांगितलं, द्यावे लागतील. तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याने दायित्व अंगावर घेतलंय. याची दुसरी बाजूही शिकवतात. १९१४ साली अलाहाबाद हायकोर्टापुढे असंच एक प्रकरण आलं. मशिदीच्या दुरुस्तीसाठी ५०० रुपये कबूल केले होते, पण काम सुरूच झालं नव्हतं. तिथे कोर्टाने वसुली नाकारली. पैसे दोन्हीकडे कबूल केलेलेच होते. फरक पडला तो कामाला हात घातला होता की नाही, एवढ्याने.

आमच्या कामाला हात घातला होता का? हॉलचं भाडं भरलेलं. आचाऱ्याला इसार गेलेला, त्याने मटणाचं सांगून ठेवलेलं. फ्लेक्स छापून तयार. गुरुवारी संध्याकाळी मी लक्ष्मीपुरीतल्या छपाईवाल्याकडे गेलो, तर वीस फुटी फलक जमिनीवर अंथरलेला, शाईचा वास अजून येत होता, आणि उजव्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो आमच्या नावापेक्षा मोठा. (त्यांनीच दोनदा मोठा करायला लावला होता.) छपाईवाल्याने एकदा फलकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“पांढरी पट्टी मारू काय वर? का कोपराच कापू?”

“कापला तर कसं दिसेल?”

“उंदरानं खाल्ल्यागत.”

पट्टी मारली. त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने हिशेबात हेही धरावं, की ‘मर्जी’ कंपनीची होती आणि ती फिरल्यावर पहिला तोटा कुणीतरी लक्ष्मीपुरीत सोसला.

आता कागदाचं. इथे मेसेज निम्मा बरोबर आहे आणि तो निम्मा मी मान खाली घालून मान्य करतो. सही-शिक्क्याचा करार आम्ही केला नव्हता. मेल होती: रक्कम, तारीख, स्टॉलची जागा, ‘कन्फर्म’ हा शब्द, सोबत लोगोची फाइल. आम्हाला वाटलं, एवढी मोठी कंपनी, शब्द फिरवेल कशाला. अर्धी रक्कम आधी मागायला हवी होती. मागितली नाही, कारण मागायची लाज वाटली. ही लाज आपल्याकडे फार महागात पडते. आचाऱ्याला मात्र लाज वाटली नव्हती, त्याने इसार घेतल्याशिवाय वहीत तारीख लिहिली नाही.

पण ‘कागद नाही म्हणजे कायदा विचारत नाही’ ही समजूत चुकीची आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रत्येक करार लेखी हवा असं कुठेही नाही. दोघांची राजीखुशी, दोन्हीकडून काहीतरी देणं-घेणं, आणि हेतू कायदेशीर, एवढं असलं की तोंडी करारही करारच. सिद्ध करणं अवघड, हा वेगळा मुद्दा. आणि मेलवर ठरलेलं निव्वळ मेलवर ठरलं म्हणून रद्दबातल होत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ कलमात स्वच्छ लिहिलंय. शब्द मोडल्यावर भरपाईचं कलम ७३ वं. त्यातच असंही आहे, की नुकसान झालेल्यानेही ते वाढू न देण्याची खटपट केलेली असावी. आम्ही ती केली. पिशव्यांची ऑर्डर थांबवली, मंचामागची सजावट रद्द केली, मटण सांगितलं होतं त्याच्या निम्म्यावर आणलं. कोर्टात जाणार का, असं जो तो विचारतो. सव्वा लाखासाठी वकील, तारखा आणि आमच्या दहा जणांच्या नोकऱ्या सांभाळून कोर्टाच्या फेऱ्या, एवढा जीव आमच्यात नाही. पण परवडत नाही म्हणून दावा केला नाही, आणि हक्कच नव्हता, या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात कोंबल्या.

क्रिकेटचं उदाहरण तर अंगावरच उलटतं. प्रायोजक हटतात, मान्य. पेप्सीने २०१५ मध्ये आयपीएल मुदतीच्या दोन वर्षं आधी सोडली. ड्रीम ११ ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवरून गेली आणि सप्टेंबरचा आशिया चषक आपले लोक छातीवर प्रायोजकाचं नाव न लावता खेळले. पण ड्रीम ११ का गेली? संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यांच्या धंद्याचा गाभाच गेला. धंदाच बेकायदा ठरला तर करारातलं काम अशक्य होतं, आणि त्याला कायद्यात ५६ वं कलम आहे. आमच्या प्रायोजकाची पाकिटं राजारामपुरीतल्या दुकानात आजही लटकताहेत. कालच बघितली. आणि क्रिकेट बोर्डाच्या दारात एक गेला की दुसरा उभा असतो. पेप्सीनंतर विवो आली, ड्रीम ११ नंतर अपोलो टायर्स. आमच्या दारात गुरुवारी रात्री फक्त आचाऱ्याचा पोऱ्या उभा होता, ‘मामांनी विचारलंय, हाय का न्हाई’ म्हणून.

सीएसआरवर फार शाई घालवत नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे खरं. पण २०२१ च्या सुधारित नियमांत साफ म्हटलंय, की स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरायचं नाही. म्हणजे दारातला स्टॉल आणि पिशवीतलं पाकीट त्या खात्यात बसूच शकत नव्हतं. जो पैसा सीएसआरचा नव्हताच, तो ‘चांगल्या कामाला वळवला’ कसा?

जीएसटीचंही तसंच. आमच्यासारख्या, कंपनी नसलेल्या गटाने एखाद्या कंपनीला प्रायोजकत्व विकलं, तर त्यावरचा कर रिव्हर्स चार्जने त्या कंपनीनेच भरायचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलला तो प्रायोजकत्व विकणारी स्वतःच कंपनी असेल तर. आमचा नंबर नसल्याने अडलं असतं, तर ते पहिल्या मेललाच अडलं असतं.

मग अडलं कुठे? मेसेजच्या त्या ‘मुख्य’ वाक्यात. खाल्ल्या घरचे वासे.

आमच्यातली एक ताई स्वयंपाकावर लिहिते. मेळाव्याच्या पाच महिने आधी, जेव्हा या कंपनीशी आमची ओळखही नव्हती, तिने दुकानातून स्वतःच्या पैशाने तयार पांढऱ्या रश्श्याचं पाकीट आणलं आणि शेजारच्या शेगडीवर सासूबाईंकडून घरचा रस्सा करून घेतला. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखस-तिळाचं वाटण, तुपात खड्या मसाल्याची फोडणी. दूध घातल्यावर सासूबाई शेगडीपासून हलल्या नाहीत, कारण आच जरा मोठी झाली की रस्सा फुटतो. पाकिटाचा रस्सा मात्र खळाखळा उकळला तरी फुटेना. ताईने लिहिलं, ‘तो फुटत नाही, हीच त्याची अडचण.’ मग पाकीट उलटं करून घटक वाचून दाखवले. आपल्याकडच्या नियमाने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव मीठ, दुसरं साखर, तिसरं स्टार्च, नारळ पाचव्या नंबरावर. शिवी नाही, टोमणा नाही. कंपनीनेच छापलेलं कंपनीच्याच पाकिटावरून वाचलं, एवढाच गुन्हा.

मंगळवारी फोन आला. ती पोस्ट तेवढी काढून टाका, नाहीतर रविवारपुरती झाकून ठेवा. आम्ही दहा जण त्या रात्री रंकाळ्यावर बसलो. खोटं कशाला सांगू, तिघांचं मत होतं की चार दिवसांचा प्रश्न आहे, झाकू या. मी त्या तिघांत होतो. ताई गप्प बसली होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, “सोमवारी परत उघडल्यावर खाली काय लिहू? मध्ये चार दिवस पाकिटात नारळ वाढला होता?” त्यावर कुणाला बोलता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही नाही कळवलं, गुरुवारी दुपारी ‘अंतर्गत कारणास्तव’ अशी मेल आली.

आता वासे कुणी मोजले? पाकीट तिच्या पैशाचं, चूल तिची, घर तिचं. आमच्या पैकी कुणी कंपनीचं मीठसुद्धा खाल्लं नव्हतं. मेळाव्यात पिशवीतून मिळणार होतं ते. फुकटे म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगतो. पैसे किंवा वस्तू घेऊन कुठल्याही मालाबद्दल गोड लिहिलं, तर ते नातं वाचकाला उघड सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पैसे घेऊन कडू पुसून टाकणं हे त्याचंच सख्खं भावंड. तेच आमच्याकडून मागितलं जात होतं.

राहता राहिले शाहू महाराज. ‘महाराजांनी आश्रय दिला तो लायकांना, ह्यांना कोण देणार’ असं मेसेज म्हणतो. आमची लायकी आम्हाला ठाऊक आहे, त्यावर वाद नाही. पण महाराजांचं नाव घ्यायचं तर पुरतं घ्यावं. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. दरबाराचे गोडवे गाण्यासाठी ते पत्र निघालं नव्हतं, आणि महाराजांनी ते ओळखूनच पैसे दिले. आणि कुस्तीचंच घ्यायचं तर जत्रेच्या मैदानात ज्याने इनाम पुकारलं, त्याने पैलवान लांग बांधून हौद्यात उतरल्यावर ‘याच्या चुलत्यानं मला मागं नावं ठेवली होती’ म्हणून खिसा झाकला, तर गावकरी काय करतील ते मेसेज लिहिणाऱ्याने खासबागेजवळच्या कुठल्याही तालमीत जाऊन विचारावं.

मेळावा झाला. मेसेजमध्ये ‘फसला’ असं आहे, म्हणून सांगतो. दीडशेपैकी शंभरेक आले, प्रत्येकाने जेवणाचे पैसे काढले, तोट्याचे उरलेले आम्ही दहा जणांत वाटून घेतले. दुपारी ऊन फलकावर आलं, तेव्हा पांढऱ्या पट्टीखालून लोगो स्वच्छ दिसत होता. चार जणांनी त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढले. कंपनीला तेवढी जाहिरात फुकट गेली.

पुढच्या वर्षीसाठी आम्ही एक पानाचा कागद केलाय. अर्धी रक्कम सहीला, उरलेली पंधरा दिवस आधी, मागे हटलात तर पहिली अर्धी परत नाही, आणि कोण काय लिहितो यात प्रायोजकाने पडायचं नाही. एकाकडून एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हेही त्यात आहे. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्याला तो दाखवला. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचला. म्हणाला, “सौद्यात आम्ही एवढं लिवत न्हाई. पण लिवा, लिवा.” मग लिहिण्याबिहिण्याच्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, “गूळ काळा असला तर काळा म्हणा, काय बिघडत न्हाई. काळाच खपतोय आता.” आणि सही करायच्या आधी विचारलं, की स्टॉल चुलवणापासून किती लांब असणार, कारण उष्णतेनं गुळाचा रवा (ढेप) पाघळतो.