‘डायनो खोटं बोलत नाही’ या दाव्याला मुद्देसूद उत्तर

गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि रीलमधून एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: डायनो, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद काढणारं मशीन, खोटं बोलत नाही. मशीन बिघडलं तर ते एरर दाखवतं. कंपनी ताकद १२० सांगते आणि डायनोवर १०१ येतात, म्हणजे कंपनीने फसवलं. आणि समजा मशीनमध्ये थोडा दोष असलाच, तरी तो रिमॅपच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याच्या) आधी आणि नंतर सारखाच असतो, म्हणून वाढलेली ताकद खरीच. या भरवशावर लोक हजारो रुपये मोजतात आणि वॉरंटी पणाला लावतात. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘डायनो खोटं बोलत नाही.’

हॉर्सपॉवर थेट मोजणारा सेन्सर डायनोत नसतोच. ब्रेक असलेल्या रोलर डायनोत लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) रोलरवरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सांगतो, दुसरा सेन्सर रोलरचा वेग सांगतो आणि सॉफ्टवेअर हिशोब करतं: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे), भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. नुसत्या जड ड्रमच्या डायनोत लोड सेलही नसतो. ड्रम किती झटकन वेग घेतो यावरून ताकद काढली जाते. यावर खोलीच्या हवेची दुरुस्ती लागते आणि मग आकडा छापला जातो. यातलं एखादं इनपुट चुकलं, तरी शीटवरची रेघ तितकीच सुबक दिसते.

‘बिघाड असेल तर मशीन एरर दाखवतं.’

वायर तुटली तर दाखवतं. सिग्नल येतोय पण चुकीचा येतोय, हे त्याला कळत नाही आणि नेहमीचे बिघाड याच जातीचे असतात.

लोड सेलचंच बघा. त्याचा झिरो (भार नसतानाचं रीडिंग) १० न्यूटन मीटरने सरकला, तर १ मीटर परिघाच्या रोलरवर ताशी ६० किलोमीटरला चूक होते साधारण १.४ पीएसची (मेट्रिक हॉर्सपॉवर), आणि १२० ला २.८ ची. म्हणजे चूक वेगाबरोबर वाढते आणि नेमकी वरच्या आरपीएमला, जिथे सगळे शिखराचा आकडा बघतात, तिथे सर्वांत मोठी होते.

ही चूक पकडायला वजनं लागतात. डायनोच्या ब्रेकच्या बॉडीला कॅलिब्रेशनचा दांडा बोल्टने बसवायचा, स्पिरिट लेव्हल ठेवून तो आडवा आहे याची खात्री करायची आणि १ मीटरवर वजन टांगायचं. २५ किलोला २४५, ५० ला ४९०.५, ७५ ला ७३६ न्यूटन मीटर दिसले पाहिजेत. मग वजनं एकेक करून उतरवायची, आणि हाच भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. चढताना ५० किलोला ४९० आणि उतरताना ४९७ दिसले, तर बॉडी मोकळी हलत नाहीये: बेअरिंग जाम आहे, किंवा एखादी केबल वा पाइप तिला टेकलाय. सगळी वजनं काढल्यावर झिरो परत आला नाही, तर लोड सेलचे बोल्ट आणि रॉड एंडमधला (सेलला जोडणाऱ्या सांध्यातला) खेळ तपासा. रॉड एंड ताणून बसवला असेल, तर सेलवर आधीच भार असतो. दांडा १० अंश कललेला असताना कॅलिब्रेशन केलं, तर पुढची सगळी रीडिंग दीड टक्का जास्त येतात. आणि हे सगळं सकाळी थंड मशीनवर एकदा करून भागत नाही; चार-पाच रन (रोलरवर गाडी पळवून घेतलेल्या चाचण्या) झाल्यावर झिरो पुन्हा बघावा लागतो.

वेगाच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. ड्रमच्या डायनोत वेग आणि वेगवाढ दोन्ही त्याच सेन्सरवरून निघतात, त्यामुळे वेगात १ टक्का चूक म्हणजे ताकदीत २ टक्के. दातेरी चाकासमोरचा पिकअप (दात मोजणारा सेन्सर) सैल झाला किंवा त्याला लोखंडाचा कीस चिकटला, की मधूनच एखादा दात मोजायचा राहतो आणि रेघेत काटे उभे राहतात. स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करणारं सेटिंग) वाढवलं की ते काटे गुळगुळीत होऊन ताकदीचा उंचवटा बनतात. म्हणून स्मूदिंग शून्यावर ठेवलेली शीट मागा. तिच्यात काटे दिसले, तर आधी सेन्सर साफ करायचा आणि अंतर तपासायचं. ड्रमची बेअरिंग कोरडी पडली असतील, तर रीडिंग कमी येतं. रिकामा ड्रम ठरावीक वेगाला नेऊन थांबायला किती सेकंद लागतात याची नोंद ठेवली, तर हे लगेच कळतं.

‘हवेची दुरुस्ती केलेली असते, त्यामुळे आकडा पक्का.’

उलट सर्वांत मोठ्या चुका इथेच होतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे; तिथे हवेचा खरा दाब साधारण ९४७ मिलिबार असतो. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप मात्र समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं, साधारण १०१०. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर ३० अंशाला एसएई पद्धतीच्या दुरुस्तीचा गुणक १.०९ च्या जागी १.०१ होतो आणि गाडी सात टक्क्यांहून कमजोर दिसते. मुंबईत हीच चूक खपून जाते, कारण तिथे दोन्ही आकडे जवळपास सारखेच.

तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या गरम झोतात लटकत असेल, तर उलटं होतं. खोली ३२ अंश असताना सेन्सरने ५० दाखवले, तर सॉफ्टवेअर ३.४ टक्के ताकद फुकट जोडतं. इंजिन जिथून हवा ओढतं तिथे सेन्सर ठेवावा, एक्झॉस्टपासून लांब.

टर्बो गाड्यांत आणखी एक गुंता असतो. बहुतेक नव्या टर्बो पेट्रोलचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बूस्टचं, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचं, लक्ष्य निरपेक्ष दाबात (बाहेरच्या दाबाशी तुलना न करता) धरतो, म्हणून बाहेरचा दाब कमी झाला तरी ताकद त्या प्रमाणात पडत नाही. तरीही शीटवर साध्या इंजिनाची दुरुस्ती लावली, तर आकडा फुगतो. दुरुस्तीशिवायचा आकडा शेजारी छापून घ्या. एसएई आणि एसटीडी या दोन पद्धतींतही फरक आहे: एसटीडीचा आकडा सुमारे ४ टक्के मोठा येतो, त्यामुळे दोन दुकानांच्या शीटची तुलना करताना खाली काय लिहिलंय ते आधी वाचा.

‘कंपनी १२० म्हणते, डायनोवर १०१ आले, म्हणजे फसवणूक.’

कंपनीचा आकडा टेस्ट बेडवरच्या इंजिनाचा, क्रँकशाफ्टवरचा असतो. रोलरवर येतो तो चाकाचा. मध्ये गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर येतात आणि त्यांत थोडी ताकद वाया जाते. शिवाय १२० पीएस म्हणजे ११८.४ बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर), एकक न बघता वजाबाकी करू नका.

काही डायनो चाकाच्या आकड्यात तोटा मिळवून ‘इंजिनाची ताकद’ छापतात. तोटा मोजायला रन संपल्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडतात. त्या वेळी गाडीच्या ब्रेकवर जराही पाय टेकला, तर तोटा मोठा मोजला जातो आणि छापलेली इंजिनाची ताकद तेवढीच वाढते. गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळले किंवा टायरमध्ये हवा कमी असली, तर तोटा वाढतो आणि चाकावर कमी दिसतं.

‘दोष आधी-नंतर सारखाच, म्हणून वाढ खरी.’

हा मुद्दा ऐकायला सर्वांत पटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. दांड्याची लांबी चुकीची भरली असेल, तर चूक खरंच दोन्ही रनला सारखी लागते. पण झिरो तापमानाबरोबर सरकतो, हवेचा सेन्सर तापत जातो, गिअरबॉक्सचं तेल गरम होऊन पातळ होतं, टायरची हवा वाढते. पहिला रन थंड गाडीवर आणि दुसरा दोन तासांनी झाला, तर गाडीला हातही न लावता चार-पाच टक्के ‘वाढ’ दिसू शकते.

तपासायला शीटवरची तोट्याची रेघ बघा. रिमॅप गिअरबॉक्सला हात लावत नाही. तेल गरम झाल्याचा किरकोळ फरक सोडला, तर दोन्ही रनची ही रेघ एकमेकींवर बसली पाहिजे. इनटेकचं तापमान दोन्ही वेळा ३ अंशांच्या आत हवं, गिअर तोच हवा आणि गाडीसमोरचा पंखाही त्याच जागी हवा. पंखा लहान असेल तर तापलेल्या हवेमुळे ईसीयू इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो आणि ताकद खरोखरच पडते.

टॉर्कच्या आकड्याला वेगळी शंका लागते. इंजिनाचा टॉर्क ताकदीला आरपीएमने भागून काढतात. आरपीएमचा पिकअप चुकला, तर ताकद बरोबर राहते आणि टॉर्क बिघडतो. बीएचपी आणि पाउंड-फूटच्या रेघा ५२५२ ला छेदतात, म्हणून शीट बरोबर, असं बरेच जण सांगतात. पण आरपीएम चुकीचा असला तरी त्या तिथेच छेदतात, कारण टॉर्क त्याच आरपीएमवरून काढलेला असतो. त्यापेक्षा लिमिटर (इंजिनाच्या आरपीएमची कमाल मर्यादा) बघा: गाडी ६५०० ला कट होत असेल आणि रेघ ७१०० पर्यंत गेली असेल, तर पिकअप चुकतोय.

रिमॅपसाठी पैसे देण्याआधी एवढं मागा: मूळ मॅपवर लागोपाठ तीन रन, मग नव्या मॅपवर तीन, आणि शेवटी मूळ मॅप परत टाकून एक. तो शेवटचा रन पहिल्या तिनांशी २ टक्क्यांच्या आत जुळला नाही, तर मधल्या आकड्यांवर बिल बनवू देऊ नका. आधी लोड सेलवर वजनं टांगायला सांगा.