‘कॉलम मोजा, नंबर टाका’ म्हणणाऱ्यांसाठी

बेळगावात लिनक्स शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ग्रेप, कट आणि ऑक आलं की कुठल्याही कमांडच्या आउटपुटातून पाहिजे तो आकडा निघतो. कॉलम मोजा, नंबर टाका. एकदा चाललं की कायम चालतंय. जेसन-बिसन सगळे चोचले." (ग्रेप हवी ती ओळ शोधतो, कट आणि ऑक ओळीतला कॉलम काढतात; जेसन म्हणजे प्रत्येक किमतीला नाव देऊन केलेली माहितीची मांडणी.) खाली नमुना म्हणून आयपी पत्ता काढायची ओळ: नेटवर्कची माहिती देणाऱ्या इफकॉन्फिगमधून ‘इनेट ॲड्र’ ग्रेप करा, मग कोलनवर कट करा.

हा नमुनाच बघा. इफकॉन्फिग ज्यात येतं त्या नेट-टूल्सच्या नव्या आवृत्त्यांत ‘इनेट ॲड्र:’ जाऊन नुसतं ‘इनेट’ उरलं, कोलन गेला. सेंटओएस 7 हे लिनक्स आलं 2014 मध्ये, तेव्हापासून ही ओळ तिथे रिकामी येते. ‘कायम’चं एवढ्यावरच भागलं.

आता कॉलम मोजणं. आमच्या बसस्टँडवर कन्नड पाटी न वाचता येणारा पाहुणा ‘डावीकडून तिसरी गाडी निपाणीची’ असं ध्यानात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खानापुरात उतरतो. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफचा सहावा कॉलम लिनक्सवर माउंटची जागा, म्हणजे डिस्क कुठल्या फोल्डरला जोडलीय ते, सांगतो. मॅकवर तिथे वापरलेल्या आयनोडची (फाइलींच्या नोंदींची) संख्या असते. फाइलींची यादी देणाऱ्या एलएस मायनस एलच्या आठव्या कॉलमात वेळ असते, पण फाइल सहा महिन्यांहून जुनी झाली की तिथे वर्ष येतं. आणि कट व ऑक एकाच दावणीला बांधू नका: ऑक सलग स्पेस एकच धरतो, कट प्रत्येक स्पेस वेगळी मोजतो.

खरा घात मात्र चुकीच्या आकड्याने होत नाही, रिकाम्या आकड्याने होतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मीच लिहिलेली स्क्रिप्ट होती: डीएफमधून ‘एसडीबी1’ या डिस्कची ओळ ग्रेप करायची, पाचवा कॉलम (किती टक्के भरली) घ्यायचा, नव्वदच्या वर गेला की मेल. एका रीबूटनंतर डिस्कचं नाव ‘एसडीसी1’ झालं. ग्रेपला काही सापडलं नाही, पण पाइपचा (एका कमांडचं आउटपुट पुढचीला देणाऱ्या साखळीचा) निकाल शेवटच्या कमांडचा धरतात आणि ऑक तर यशस्वीच! रिकाम्या किमतीची नव्वदशी तुलना चुकली, ‘इफ’ने ते ‘नाही’ समजून घेतलं. चूक क्रॉनच्या (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या) मेलात गेली, ती पेटी कोण उघडतंय? डिस्क भरली, बिलिंग थांबलं, शिव्या मी खाल्ल्या.

आता तिथे डीएफला ‘आउटपुट’ पर्यायात फक्त टक्केवारी मागतो, तीही डिस्कच्या नावाने नाही, फोल्डरच्या नावाने. डिस्क माउंटच झाली नसेल तर डीएफ बिनदिक्कत वरच्या फाइलसिस्टिमचा (तो फोल्डर ज्या डिस्कवर आहे तिचा) आकडा देतो, म्हणून आधी ‘माउंटपॉइंट’ कमांडने खात्री. आलेली किंमत आकडाच आहे ना, तेही तपासतो.

चोचल्यांचं म्हणाल तर नेटवर्कची माहिती देणाऱ्या ‘आयपी’ कमांडला मायनस जे आणि डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला मायनस मोठा जे दिला की तेच आउटपुट जेसनमध्ये मिळतं. जेसन वाचणाऱ्या जेक्यूने नावावरून किंमत उचलायची, मोजामोजी नाही. नुसती नजर टाकायला ऑक मीही रोज वापरतो. 1977 पासूनचं ते अवजार, त्याच्याशी माझं भांडण नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्यांनी जास्त जपावी. मशीनची भाषा कन्नड किंवा मराठी ठेवली असेल तर ‘डेट’ महिन्याचं नावही त्याच लिपीत देतं, आणि ‘जॅन’ शोधणारा ग्रेप हात हलवत परततो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला आउटपुटाची भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’ला ‘सी’ (साधी इंग्रजी) ही किंमत देऊन ते एक्सपोर्ट करायचं, म्हणजे स्क्रिप्टमधल्या कमांडांना ते लागू होतं. स्क्रीनवरची भाषा आपली तशीच राहते.