जोडपट्टी आवळली म्हणून प्रोफाइल अखंड होत नाही

"दोन तुकडे टोकाला टोक लावा, खाचेत टी-नट सरकवा, जोडपट्टी कचकून आवळा; जोड अखंड प्रोफाइलइतकाच मजबूत." ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या, म्हणजे लांबीभर खाचा असलेल्या दांड्यांच्या, चौकटी बांधणाऱ्यांत हा सल्ला सर्रास फिरतो. (टी-नट म्हणजे खाचेत अडकणारा नट; जोडपट्टीचे बोल्ट त्यात आवळतात.) त्यावर विसंबून कुणी डोक्यावरचा आडवा दांडा जोडला तर इजा होईल, म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'अखंडइतकाच' हा शब्द घेऊ. आडव्या दांड्यावर वजन आलं की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वर टोकं एकमेकांना टेकून दाब घेतात. खाली मात्र धातू सलग नाही, तिथला ओढा पट्टीवरच येतो. ४० मिमी प्रोफाइल, १ मीटरचा गाळा (दोन टेकूंमधलं अंतर), मध्यावर जोड आणि तिथेच ५० किलो वजन, असं धरा. खालच्या पट्टीवर सुमारे ३०० किलोचा ओढा बसतो! टी-नट खाचेच्या दिशेने धरून असतो तो निव्वळ घर्षणावर. तो केसभर सरकला तरी दांड्याला झोल येतो. म्हणून खालच्या बाजूला पट्टी हवीच, तीही लांब, जोडाच्या दोन्ही अंगांना निदान दोन-दोन बोल्टांची.

"मग अजून आवळा" हा उपाय नव्हे. बेताबाहेर आवळलं की खाचेच्या कडा चेपतात, नाहीतर नटाचे आटे जातात. त्यापेक्षा टोकं तपासा. काप अर्ध्या अंशाने तिरका असेल तर ४० मिमी रुंदीत ०.३५ मिमीची फट राहते. फट वरच्या बाजूला आली, तर ती मिटेपर्यंत दांडा वाकणारच. टोकं जुळवून उजेडासमोर धरा, गुण्या लावा, गरज असेल तिथे कानस मारा.

"प्रोफाइलच्या मधल्या भोकात आटे पाडून स्टड (आटे असलेली सळी) फिरवा", हेही सांगितलं जातं. पण त्यासाठी एक अख्खा तुकडा गोल फिरवावा लागतो. टोकं घट्ट भिडतात तेव्हा खाचा एका रेषेत आलेल्या असतीलच असं नाही. खाचा जुळवायला मागे फिरवलं की जोड सैल. शिवाय स्टड बरोबर मध्यावर, म्हणजे वाकण्याविरुद्ध सर्वांत कमी उपयोगाच्या जागी असतो.

वेल्डिंगचं तर विचारूच नका. उष्णतेने कडक केलेलं ६०६३ (अशा प्रोफाइलचा नेहमीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) वेल्डच्या आसपास बरीच ताकद गमावतं.

आणि "जोड कुठेही चालतो" हे साफ चूक. दोन टेकूंवर ठेवलेल्या दांड्यात मध्यावर वजन असेल, तर वाकवणारा जोर मध्यावर सर्वाधिक असतो, टेकूपासून पाव गाळ्यावर त्याच्या निम्मा आणि टेकूवर शून्य. जमत असेल तर जोड खांबाच्या डोक्यावर आणा आणि दोन्ही तुकडे त्या खांबालाच स्वतंत्रपणे बोल्टने बांधा.