‘हे आजार मुंबई-पुण्याचे’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याचे आजार लाखात एखाद्याला, त्यांच्या जनुकीय तपासण्या पैसेवाल्यांच्या. कोल्हापूरच्या आयांना कशाला घाबरवता?’ असं तुम्ही लिहिलंत. जनुकीय तपासणी महाग आहे, मान्य. पण सुरुवात तिथून होतच नाही.

सुरुवात होते सीबीसीने, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या साध्या मोजणीने, आणि ती कोल्हापुरात राजारामपुरीत कुठेही होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. चार महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट मीच छापला. पांढऱ्या पेशी 7,000, त्यात लिम्फोसाइट (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 18 टक्के, म्हणजे 1,260. शेजारी छापलेली रेंज मोठ्या माणसांची, 1,000 ते 4,000. आकडा तिच्यात बसला आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून गेला. तान्ह्या बाळात हा आकडा 3,000 च्या खाली दिसला तरी थांबून बघायचं असतं. त्या बाळाला न्यूमोनिया दुसऱ्यांदा झाला होता, तोंडात पांढरा थर होता. रक्त घेताना आई म्हणाली होती, “ह्याच्या आधीचा पोरगाबी असाच गेला.” हे बाळही गेलं. ती आई कशानं घाबरली असती, दादा?

अशा जन्मजात आजारांपैकी ‘स्किड’ या गंभीर आजारात टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटमधला एक मुख्य प्रकार, तयारच होत नाहीत. अशा बाळाला जन्मताच दिलेल्या बीसीजी या क्षयाच्या लसीतले जिवंत जंतूसुद्धा अंगभर पसरू शकतात. म्हणून लस टाळा असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या घरात आधी तान्ही मुलं दगावलीत, तिथे जिवंत लस देण्याआधी डॉक्टरांना तेवढं सांगा.

वेळेत कळलं तर किती फरक पडतो, ते अमेरिकेतल्या स्किड असलेल्या 240 बाळांच्या नोंदींतून 2014 मध्ये समोर आलं. साडेतीन महिन्यांच्या आत बोन मॅरो बदललेल्यांपैकी 94 टक्के मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत होती.

पेशींची पुढची मोजणी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या राष्ट्रीय संस्थेत होते. आपल्याकडची रक्ताची ट्यूब रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत पोचते. खर्चाचं म्हणाल, तर 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड आहे, 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे.

तुमच्या भागातल्या आशाताईंना एवढं सांगाल का? गरोदर बाईची नोंद करताना ‘आधीचं मूल तान्हेपणी गेलंय का, कशानं?’ हे विचारायचं, आणि उत्तर कार्डावर लिहायचं.