मेला होता ना तो? मग मरू द्या की!

१९९१ ला टर्मिनेटर टू पिक्चरमध्ये रोबो झालेला अर्नोल्ड वितळलेल्या पोलादात अंगठा वर करून बुडाला, आमच्या डोळ्यात पाणी, विषय संपला. संपला ना? छे! २००३ ला तिसऱ्या पार्टात परत हजर, डोळ्यावर चांदणीच्या आकाराचा गॉगल, आणि वर सांगतात काय तर जजमेंट डे, म्हणजे यंत्रं माणसांचा खातमा करणार तो दिवस, टळलाच नव्हता, नुसता पुढे ढकललेला. दहावीचा पेपर आहे का तो पुढे ढकलायला? २००९ ला तर अर्नोल्डच गायब, नुसता कंप्युटरने चिकटवलेला चेहरा. २०१५ ला यंत्रांशी लढणाऱ्या माणसांचा म्होरक्या म्हणून ज्या जॉन कॉनरला वाचवायला एवढी मरमर केली तोच व्हिलन, आणि हे गुपित ट्रेलरमध्येच फोडून मोकळे, मग आम्ही थिएटरात काय समोसे खायला जायचं? आणि २०१९ चा तर कहर, सुरुवातीलाच जॉन खलास, त्याला मारणारा रोबो, म्हणजे परत अर्नोल्डच, पुढे कार्ल नाव लावून टेक्सासात पडदे विकतोय. पडदे!! लहान मुलीच्या खोलीला कुठला पडदा शोभेल यावर त्याचं प्रवचन. बाबा तू किलिंग मशीन ना रे?

आणि म्हणे मधले पार्ट विसरा, हाच खरा तिसरा. विसरतो हो, पण तिकिटाचे पैसे?